भरतीच्या आधी

पहाटेचे साडेपाच. वसईची सुरुची बाग ओलांडली की पायाखाली ओली, घट्ट वाळू लागते. समुद्र अजून लांब आहे. सुरूच्या बुंध्यांशी चपला, बाटल्या, सॅक. वारा पडलेला. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी 24 मुलंमुली. सरांनी टाचेने दोन रेघा ओढल्यात, मध्ये 100 मीटर. चौघांची बॅच. शिट्टी वाजते, वाळू थपथपते. 20 सेकंदांनी पुढची शिट्टी. सहावी बॅच पोचली की पहिली त्या टोकाकडून उलट सुटते.

मी रांगेच्या कडेने चालतो. कुणी बोलत नाही, फक्त धापा. एकीचे हात कमरेवर. एक जण पाण्यापर्यंत येरझारा घालतोय.

“बसू नका रे, चालत राहा!”

धावायला 15 सेकंद, थांबायला पावणेदोन मिनिटं. ही विश्रांती घड्याळाने नाही, रांगेने दिलेली. जोराच्या धावेत स्नायूंमधलं झटपट ऊर्जा देणारं क्रिएटिन फॉस्फेट झपाट्याने संपतं. ते निम्मं भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पुरतं भरायला 3 ते 5 मिनिटं. दहाव्या फेरीलाही पावलं हलकी पडतायत.

साडेसहा. कामावर जाणारे 12 जण सॅक उचलतात, लोकल गाठायची आहे. रांग निम्मी होते. शिट्टी त्याच लयीत वाजत राहते. आता थांबणं जेमतेम पाऊण मिनिट. चौथ्या फेरीला खांदे कानांकडे चढतात. सहाव्या फेरीला पोटऱ्या भरून येतात. टाचा वाळूत रुततात.

“दमच नाही माझ्यात,” एक मुलगा गुडघ्यांवर हात टेकून पुटपुटतो. मला ते ऐकवत नाही. अंतर तेच आहे रे, फक्त तुझी रांग आखूड झाली. 1960 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रयोगातल्या माणसाला सायकलवर जड काम दिलं. सलग केलं तर तो सुमारे 9 मिनिटांत गळाला. तेच काम 30 सेकंद, मग 30 सेकंद विसावा, असं तासभर सहज जमलं. 3 मिनिटं काम आणि 3 मिनिटं विसावा केला, तेव्हा मात्र तो पार थकला. काम आणि विसावा यांची बेरीज दोन्हीकडे सारखीच होती.

भरतीच्या ग्राउंडवर मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. तिथे मध्ये थांबा नाही, म्हणून सर एरवी मुद्दाम रेस्ट कापतात. आजचा दिवस वेगाचा. ते स्टॉपवॉच बघतात, मुलांचे चेहरे बघतात.

पाणी चढू लागलंय. घट्ट वाळूचा पट्टा अरुंद होतो. चौघं मावत नाहीत.

“दोघं दोघं या!”

तीन बॅचच्या सहा जोड्या होतात. रांग पुन्हा लांबते. मघाचा मुलगा शेवटच्या जोडीत उभा राहतो, मान वर करून लांब श्वास घेतो. त्याच्या पुढे पाच शिट्ट्या आहेत.