गाणी आली, नावे गेली

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही गोसीखुर्दला गेलो होतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवरचे मोठे धरण याच गावाच्या नावाने ओळखले जाते. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. पुढे पाणी अडू लागले तशी भंडारा आणि नागपूर या दोन्ही जिल्ह्यांतली अनेक गावे उठून नव्या गावठाणांत गेली. अशाच एका पुनर्वसित गावातल्या बाई शिबिराला आल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला त्यांच्या शाळेतला संगणक बघायला चला म्हणून आग्रह केला.

गेली काही वर्षे बाई म्हाताऱ्या बायांची गाणी ध्वनिमुद्रित करत होत्या. धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीत उभे राहून म्हणायची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी असा ४१२ फायलींचा संग्रह झाला होता. गाणी वाजवण्याच्या प्लेअरमध्ये त्यांनी प्रत्येक जुन्या गावाची वेगळी यादी केली होती आणि प्रत्येक गाण्यापुढे म्हणणाऱ्या बाईचे नाव लिहिले होते. शाळेला नवा संगणक मिळाला. बाईंनी गाण्यांचे अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले आणि नव्या संगणकावर उतरवले. मोजून ४१२ फायली आल्या. पण प्लेअर उघडला तर त्यात एकही यादी नव्हती आणि गाण्यांपुढे नुसते आकडे होते.

“गाणी सारी आली जी, पण बायांची नावं गेली,” बाई म्हणाल्या.

त्या बायांपैकी काही आता हयात नाहीत. जुना संगणक सगळा पुसून खालच्या वर्गाला द्यायचे ठरले होते. ते अजून झालेले नव्हते, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले.

नेमके काय हरवले होते, हे समजण्यासाठी संगणकात गाणे कसे राहते ते आधी पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि संगणक तो चढउतार ठरावीक अंतराने मोजतो. संगीताच्या सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजमाप दोन बाइटमध्ये लिहिले जाते आणि डावा-उजवा असे दोन आवाज असतात. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट झाले. हा गुणाकार सातवीतली मुले सहज करतील. एमपी३ प्रकारात कानाला फारसा न जाणवणारा भाग गाळून हाच तास ५८ मेगाबाइटच्या आसपास बसवता येतो, पण गाळलेला भाग परत मिळत नाही. बाईंनी सगळी ध्वनिमुद्रणे न गाळलेल्या वेव प्रकारात ठेवली होती. हा निर्णय शहाणपणाचा होता. आता आपण जी अडचण पाहणार आहोत ती मात्र त्यातूनच आली.

कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी थोडी खरखर वाढत असे. आकड्यांचे तसे नाही. आकडे जसेच्या तसे उतरले, तर शंभरावी प्रतही पहिलीइतकीच चांगली असते. म्हणूनच ‘फायली आल्या म्हणजे सगळे आले’ असे आपल्याला वाटते.

पण बाईंचा संग्रह दोन ठिकाणी राहत होता. एक, गाण्यांच्या फायली. दुसरी, प्लेअरने स्वतःसाठी ठेवलेली एक वही. अर्थात हीदेखील एक फाइलच, पण गाण्यांच्या फोल्डरपासून दूर, संगणकाच्या भलत्याच कोपऱ्यात ठेवलेली. याद्या, क्रम, बायांची नावे हे सगळे त्या वहीत होते. एमपी३ फायलीत अशी माहिती लिहायला फायलीतच जागा असते. वेव फायलीतही ती लिहिता येते, पण सगळेच प्लेअर तिथे लिहीत किंवा तिथले वाचत नाहीत. बाईंचा प्लेअर त्यातलाच होता. त्यांनी पडद्यावर गाण्यापुढे नाव लिहिले, प्लेअरने ते वहीत टिपले आणि गाण्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

बरे, ती वही शोधून नव्या संगणकावर नेली असती तर? तरीही भागले नसते. वहीत गाणे नसते, गाण्याचा पत्ता असतो: ‘डी:\गाणी\रोवणा\०१२.वेव’ असा. नव्या संगणकात डी नावाचा कप्पाच नव्हता. तिथे तेच गाणे ‘सी:’ने सुरू होणाऱ्या वेगळ्याच पत्त्यावर होते. प्लेअर जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो, कोणी उघडत नाही, आणि तो गाणे हरवले असे जाहीर करतो.

हे समजावून सांगायला त्या गावात आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. जुन्या गावाच्या पत्त्यावर टाकलेले पत्र आज कुठे जाईल? माणूस तोच, नाव तेच. पण गाव, घर क्रमांक, वाट सगळे वेगळे. एका शिक्षकांनी विचारले, “पण ‘आमच्या घराला लागून दुसरं घर’ असा पत्ता दिला तर?” प्रश्न अचूक होता. संगणकातही असे सापेक्ष पत्ते देता येतात. ‘एम३यू’ प्रकारची यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल असते आणि कोणत्याही मजकूर-लेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडून वाचता येते. तिच्यात पूर्ण पत्त्याऐवजी ‘या यादीच्या शेजारच्या रोवणा फोल्डरमधले ०१२’ एवढेच लिहिले, तर अख्खे फोल्डर कुठेही हलवा, यादी चालते. अट एकच: आळी सगळी एकत्र, त्याच क्रमाने हलली पाहिजे. ‘आमची तशी नाही हलली,’ असे कोणीतरी मागून पुटपुटले.

जुन्या संगणकावरच्या प्लेअरमधून आम्ही वहीतली सगळी माहिती मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढली. बहुतेक प्लेअरमध्ये अशी सोय असते, फक्त ती सहज सापडत नाही. मग शोधा-आणि-बदला ही आज्ञा वापरून सगळे जुने पत्ते एका झटक्यात नवे केले. याद्या परत आल्या.

इथे थोडे विषयांतर करू. एमपी३ फायलीच्या शेवटी माहितीची पट्टी जोडण्याची कल्पना १९९६ च्या सुमारास आली. ती पट्टी अवघ्या १२८ बाइटची होती. त्यात गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३० आणि संगीतप्रकाराला एक बाइट मिळत असे. प्रकारांची पहिली यादी ऐंशींची होती. त्यात पोल्का हा नाच होता, लोकसंगीत मात्र नव्हते; ते नंतर वाढवलेल्या यादीत आले. कप्पे करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे संगीत असते त्याचेच कप्पे होतात. गाणे कोणत्या गावातले, कोणत्या कामाच्या वेळचे, हे लिहायला तिथे जागा नव्हती. आजच्या पट्ट्या ऐसपैस आहेत आणि त्यांत देवनागरीही लिहिता येते.

देवनागरीचीच पुढची अडचण निघाली. अलीकडच्या ३१ गाण्यांची माहिती बाईंनी प्लेअरमध्ये न भरता फोनवरून एका तक्त्यात भरली होती. त्यात गाण्याच्या फायलीचे नाव आणि पुढे गायिकेचे नाव होते. संगणकाला जुळणी करायला सांगितले, तर १७ फायली त्याला सापडेनात. डोळ्यांना तर नावे अगदी सारखी दिसत होती! नीट पाहिल्यावर ध्यानात आले की त्या सतराही नावांत ‘पऱ्हे’ हा शब्द होता. पऱ्हे म्हणजे रोवण्यासाठी वाढवलेली धानाची रोपे. यातला ‘ऱ्’ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. साध्या ‘र’खाली नुक्ता देऊनही तो बनतो. आणि र, हलन्त व एक न दिसणारे जोडचिन्ह असेही लिहितात. पहिल्या प्रकारात पूर्ण शब्दाला ५ संकेत लागतात, उरलेल्या दोन्हींत ६. आपण अक्षर पाहतो, संगणक क्रमांक पाहतो. शाळेच्या संगणकाने एका प्रकारे लिहिले होते, फोनने दुसऱ्या. म्हणून आमची सूचना अशी की फायलीचे नाव नुसता क्रमांक असावा आणि शब्द तक्त्यात असावेत.

आता प्रश्न उरला तो हा: ४१२ फायली आल्या खऱ्या, पण त्या पूर्ण आल्या का? पेन ड्राइव्ह घाईत उपटला तर शेवटची फाइल अर्धवट राहू शकते आणि यादीत तिचे नाव मात्र दिसते. एकेक गाणे ऐकून तपासणे अशक्य. इथे नवाच्या ताळ्याची आठवण करावी. ४३७५ या संख्येतील अंकांची बेरीज १९, तिची १०, तिची १. नकल करताना ४३७६ झाले तर ताळा २ येतो आणि चूक पकडली जाते. मात्र ४७३५ झाले तर ताळा १ च राहतो. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. संगणकासाठी यापेक्षा पुष्कळ कडक ताळे तयार केलेले आहेत. एसएचए-२५६ हा त्यातला एक. तो कितीही मोठ्या फायलीपासून ६४ चिन्हांची एक ओळ काढतो. फायलीत एक बिट बदलला तरी ती ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. दोन्ही संगणकांवर ताळे काढून ताडून पाहिले. ४११ जुळले, एक जुळला नाही. ते शेवटचे गाणे होते. अर्ध्यावर तुटले होते. ते पुन्हा उतरवले.

गाण्यांचा फार मोठा संग्रह हलवण्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञाने त्यांची माहिती संगणकावर रचली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. ते साहित्य गुडगावच्या संग्रहालयात ठेवले गेले, पुढे फ्रान्समध्ये गेले आणि आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर या ओव्या वाचता-ऐकता येतात. पॉइटवँ २००४ मध्ये वारले, राईरकर २०१० मध्ये. तरीही आज ओवी ऐकताना ती कोणी गायली आणि कोणत्या गावात, हे आपल्याला समोर दिसते.

संध्याकाळी बाईंनी गाण्यांच्या फोल्डरमध्येच साध्या मजकुराचा तक्ता ठेवला: क्रमांक, गाणे, बाईचे नाव, जुने गाव, नवे गाव. शिवाय सगळ्या गाण्यांची फ्लॅक प्रकारातली प्रत केली. यात आवाजातले काहीच गाळले जात नाही, नावे फायलीतच लिहिता येतात आणि आवाजाचा ताळाही आत साठवलेला असतो. जुना संगणक आणखी एक सत्र तसाच ठेवायला मुख्याध्यापक तयार झाले.

नऊ गाण्यांपुढे मुळातच नुसते ‘आजी’ लिहिलेले होते. तो रकाना अजून रिकामा आहे. पुढच्या शनिवारी गावातल्या दोघीतिघींना शाळेत बोलावून ती नऊ गाणी ऐकवायची, आवाज कोणाचा ते विचारायचे, असे बाईंनी ठरवले.