पानावर नजर ठेवणारं एक्स्टेन्शन

विरार-बोळींजला म्हाडाच्या कोकण मंडळाची मोठी वसाहत आहे. तिथली न विकली गेलेली घरं मंडळाने ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ तत्त्वावर विकायला काढली होती. अशा विक्रीत सूचना लागल्याचं लवकर कळणं मोलाचं असतं. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा व आसपासची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी झालेल्या आपल्या महापालिकेचंही तसंच. भरती, निविदा, हरकती-सूचना यांच्या जाहिराती तिच्या संकेतस्थळावर लागतात. सकाळची विरार लोकल पकडणाऱ्याने ही पानं रोज कधी उघडायची? व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना फिरतात, पण त्यातली कोणती यंदाची आणि कोणती तीन वर्षांपूर्वीची, हे शोधण्यातच वेळ जातो.

हे काम ब्राउझरवर सोपवता येतं. ‘डिस्टिल’ हे त्यासाठीचं एक एक्स्टेन्शन. क्रोम, फायरफॉक्स, एज या तिन्हींवर चालतं आणि त्याची मोफत आवृत्ती घरगुती वापराला पुरते. त्याची रीत साधी आहे. ठरवलेल्या वेळी ते पान उघडतं, आपण नेमून दिलेला मजकूर वाचतं, मागच्या खेपेला साठवलेल्या मजकुराशी ताडून बघतं आणि फरक दिसला की कळवतं.

खरी मेख ‘नेमून दिलेला’ या शब्दांत आहे. सुरुवातीला सगळेच जण अख्ख्या पानावर पहारा बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वैतागून एक्स्टेन्शन काढून टाकतात. सरकारी पानाच्या तळाशी बहुधा ‘एकूण अभ्यागत’ असा आकडा असतो, वर आजची तारीख असते. आकडा एकाने वाढला तरी यंत्राच्या लेखी तो बदलच! म्हणून पानाचा भाग निवडण्याचा पर्याय घ्या. मग माउस फिरवाल तसतशी पानाच्या तुकड्यांभोवती चौकट उमटत जाते. सूचनांची यादी तेवढी चौकटीत आली की क्लिक करा. पण यादीतली एकच ओळ निवडू नका. नवी सूचना तिच्या वर लागली तर ती चौकटीबाहेरच राहील.

मग किती वेळाने तपासायचं ते ठरवा. काही सेकंदांचा पर्यायही असतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. सर्व्हरवर विनाकारण ताण येतो आणि संकेतस्थळ तुम्हालाच अडवू शकतं. तासाला एकदा पुष्कळ झालं.

ठरावीक शब्द आला तरच कळव, अशी अटही घालता येते. इथे जपून. ‘बोळींज’ अशी अट घातलीत आणि सूचनेत ‘बोळिंज’ छापलं किंवा नाव इंग्रजीत आलं, तर एक्स्टेन्शन ढिम्म हलणार नाही. माझं मत विचाराल तर यादी छोटी असताना अट घालूच नये.

बऱ्याच सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात येतात. आतला मजकूर म्हणजे चित्र. तो एक्स्टेन्शनला वाचता येत नाही, पानावरच्या लिंकचं शीर्षक तेवढं कळतं. त्याच लिंकखाली गुपचूप दुसरी फाइल ठेवली, तर यादीत काहीच बदलत नाही.

तपासणी दोन ठिकाणांहून होऊ शकते. तुमच्या ब्राउझरमधून केली तर लॉगिनच्या आतली पानंही बघता येतात, पण लॅपटॉप झोपला किंवा वीज जाऊन वाय-फाय बंद पडलं की पहाराही थांबतो. कंपनीच्या सर्व्हरवरून केली तर तो चोवीस तास चालू राहतो आणि ईमेल येतो. मोफत आवृत्तीत मात्र अशी पानं मोजकीच मिळतात. बँकेचं किंवा लॉगिनमागचं कुठलंही पान सर्व्हरकडे देऊ नका. शिवाय असं एक्स्टेन्शन सगळ्या संकेतस्थळांवरचा मजकूर वाचण्याची परवानगी मागतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ती ठरावीक संकेतस्थळांपुरती आखून देता येते, ती आखून द्याच.

महिन्यातून एकदा पान स्वतः उघडून बघा. संकेतस्थळाची रचना बदलली तर निवडलेला तुकडाच सापडेनासा होतो. आणि अर्जाची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये वेगळी टाका; ती जवळ आली म्हणून पानावरचा मजकूर बदलत नाही, त्यामुळे एक्स्टेन्शनही काही कळवत नाही.