राजीला किती गुण?

वरसावे नाक्यावरच्या कोंडीतून सुटून बाबा घरी पोहोचतो, तेव्हा मुलगा नव्या गेमसाठी हटून बसलेला असतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तो ४९,९९० रुपयांना, आणि त्यावरचा मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. सिनेमा पडेल निघाला तर तिकिटाचे पैसे गेले म्हणून विसरता येतं. इथे किराण्याच्या पैशांतून खर्च काढावा लागतो. मग पोरगं मोबाइल पुढे करतं, ‘बाबा, बघ ना, शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळालेत!’ त्या आकड्यापुढे बाबाची बोलती बंद होते.

हा आकडा येतो कुठून? मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१ पासून अनेक समीक्षकांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी काढतं. ७५ आणि त्यापुढे हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा. जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकात चार समीक्षक दहापैकी स्वतंत्र गुण देतात, त्यामुळे कोणाला आवडलं आणि कोणाला नाही हे तरी कळतं. सरासरीत मतभेदच पुसला जातो. शिवाय त्यावर पैसेही अवलंबून असतात. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’च्या स्टुडिओला ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. तो एक गुण किती महागात पडला हे त्या गेमवर काम केलेल्या ख्रिस अवेलोन यांनी पुढे २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. राखीपौर्णिमेच्या रात्री असुर धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि सर्कशीत कसरती करणारी राजी त्याच्या शोधात निघते. तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ येतो, पुढे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य. खांबाला धरून गिरकी घेते आणि त्याच झोकात शत्रूवर कोसळते. राजस्थानी वास्तुकलेतून उभे राहिलेले महाल आणि छायाबाहुल्यांमधून उलगडणारी कथा पाहताना हात आपोआप थांबतो.

समीक्षकांनी काय म्हटलं? चित्रं, वास्तू, संगीत यांना मनापासून दाद दिली. पण लढाईत हालचाल अडखळते, गेम पाच-सहा तासांतच संपतो आणि कथा अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते, अशा तक्रारीही केल्या. तक्रारी खऱ्या होत्या. सरासरी पिवळ्या पट्ट्यात अडकली. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं, हे त्या पिवळ्या चौकटीत कुठेच दिसत नाही. डोळे सुखावणारा आणि हाताला खटकणारा गेम एकाच आकड्यात कसा बसवायचा?

आणि आकडा हिरवा असला तरी निर्धास्त राहता येत नाही. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, त्याआधी छापून आलेल्या समीक्षा संगणकावर खेळून लिहिलेल्या होत्या. प्लेस्टेशन ४ वर तोच गेम अडकत होता, मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले. तो परतला जून २०२१ मध्ये. त्यामुळे समीक्षा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की लिहिणारा नेमका कोणत्या यंत्रावर खेळला.

दुसरा प्रश्न तितकाच मोलाचा आहे: लिहिणाऱ्याला दिसलं काय? ‘हिटमॅन २’ (२०१८) मध्ये एक अख्खा टप्पा मुंबईत घडतो. झोपडपट्टी, रेल्वेचं यार्ड, सिनेमाचं शूटिंग, न्हाव्याचं दुकान. गर्दीतून वाट काढण्याची मजा जगभरच्या समीक्षकांना कळते. ती गर्दी मुंबईची वाटते का, हे मात्र दादर स्टेशनचा जिना रोज चढणाराच सांगू शकतो. तसंच राजीचं. ज्या मुलाने घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन दगडी भिंतीवर हात ठेवला आहे, त्याच्या लेखी राजी ज्या बुरुजाला लटकते तो नुसता देखावा नसतो. अशा मुलांनी मराठीत समीक्षा लिहायला हवी, आणि पुरवण्यांनी तिला सिनेमाच्या परीक्षणाशेजारी जागा द्यायला हवी.

पुण्याच्या त्या चमूने टीका मनावर घेतली. २०२२ मध्ये राजीची सुधारित आवृत्ती आली, लढाईत डागडुजी झाली आणि पात्रं हिंदीतून बोलू लागली. २०२० चे गुण मात्र अजून त्या पहिल्या, अडखळणाऱ्या राजीलाच दिलेले आहेत.