खोली रिकामी झाली म्हणजे काय?

मुलांनो, तुमच्या गल्लीत भंगारवाला येतो ना? आमच्या परभणीत उन्हाळ्याच्या सुट्टीत तो हमखास येतो. ऊन तापायच्या आत हातगाडा ढकलत, "लोखंड, पत्रा, प्लास्टिक, रद्दीऽऽ" असं ओरडत. मग घराघरातून फुटक्या बादल्या, गंजलेल्या सायकली, बंद पडलेले कूलर बाहेर निघतात. तराजू लागतो, पैसे मिळतात, कोपरा मोकळा होतो. आई म्हणते, "बरं झालं बाई, जागा झाली!"

पण सगळ्याच वस्तू अशा देऊन टाकता येतात का? आणि सामान काढलं की सगळ्याच खोल्या मोकळ्या होतात का?

मला हा प्रश्न पडला तो शाळेतल्या एका जुन्या खोलीमुळे. खोलीचा पत्रा गळत होता, भिंतीला भेग गेली होती. तिचं निर्लेखन व्हायचं होतं. निर्लेखन हा सरकारी शब्द. म्हणजे ही खोली आता वापरायची नाही, ती दप्तरातून कमी करायची. त्याआधी आम्हा शिक्षकांना जडवस्तू नोंदवही घेऊन बसावं लागतं. खुर्ची एक, तीन पायांची. पृथ्वीचा गोल एक, दक्षिण ध्रुव गायब. घंटा एक. एकेका वस्तूसमोर खूण करत गेले आणि सगळं जुळलं. मग कपाट सरकवलं, तर मागे एक बाटली! तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची, आणि तिच्यावरची चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली. नोंदवहीत तिचं नावसुद्धा नव्हतं.

"मॅडम, टाकू का उकिरड्यावर?" शिपाईमामांनी विचारलं.

"थांबा मामा," मी म्हणाले. त्या क्षणी मला दिल्लीची गोष्ट आठवली होती. ती तुम्हालाही सांगते.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक यंत्र होतं. त्याच्या पोटात शिशाच्या जाड भिंतींआड कोबाल्ट-६० नावाचा पदार्थ बंद करून ठेवलेला होता. कोबाल्ट-६० किरणोत्सारी आहे. म्हणजे त्याच्यातून डोळ्यांना न दिसणारे, वास नसलेले, हाताला न कळणारे जोरदार किरण सतत बाहेर पडत असतात. १९६८ च्या सुमारास हे यंत्र कॅनडाहून आणलं होतं. त्याच्यावर प्रयोग झाले, आणि १९८५ नंतर ते तसंच पडून राहिलं. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसं एकेक करून निघून गेली. यंत्र जागा अडवून बसलं होतं. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानासारखा त्याचाही लिलाव झाला.

ते गेलं मायापुरीला. मायापुरी म्हणजे दिल्लीतला भंगाराचा मोठा बाजार. तिथल्या कामगारांना शिसं हवं होतं, कारण शिशाला भाव असतो. त्यांनी यंत्र फोडलं. आतल्या कोबाल्टचे तुकडे झाले. एका दुकानदारानं तर एक छोटासा तुकडा चक्क पाकिटात घालून खिशात ठेवला! थोड्याच दिवसांत माणसं आजारी पडू लागली. कातडी काळी पडली, केस गळाले, उलट्या झाल्या. एप्रिल महिन्यात डॉक्टरांना शंका आली आणि अणुऊर्जा खात्याचे लोक मोजणीची यंत्रं घेऊन मायापुरीत उतरले. सगळे तुकडे शोधून, शिशाच्या पेट्यांत घालून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात नेले. पण तोपर्यंत उशीर झाला होता. एका कामगाराचा जीव गेला.

आता पाटी-पेन्सिल घ्या, एक गणित करू.

किरणोत्सारी पदार्थ आपोआप कमी होत जातो. ठराविक काळात तो बरोबर अर्धा होतो, पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्याचा अर्धा. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षं. १९६८ ते २०१० म्हणजे ४२ वर्षं. म्हणजे आठ वेळा अर्धा. ज्वारीची एक भाकरी घ्या आणि आठ वेळा अर्धी करत जा. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटी हातात भाकरीचा दोनशे छप्पन्नावा भाग उरला, उंदराच्या पिलाचंही पोट भरणार नाही इतका. कोबाल्टचा असाच जवळपास दोनशे छप्पन्नावा भाग उरला होता, आणि तेवढाही माणसाला मारायला पुरला. यंत्र "जुनं" झालं होतं हे खरंच. पण जुनं म्हणजे निकामी, असं आपण उगाच धरून चालतो.

पालकहो, हे वाचून घाबरू नका आणि मुलांना घाबरवूही नका. याच कोबाल्टचे किरण कर्करोगाच्या उपचारात वापरतात. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ मध्ये उभारलेल्या केंद्रात कांद्याला लवकर कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्टचेच किरण देतात. तो कांदा किरणोत्सारी होत नाही बरं का! दिवा लावला की भिंतीवर उजेड पडतो, पण दिवा उचलून नेला की भिंत काही स्वतः उजळत राहत नाही. तसंच.

मग ज्या प्रयोगशाळेत असे पदार्थ वापरले, ती बंद करायची असेल तर? दिवा उचलून नेला की काम झालं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पदार्थ पक्क्या नळीत बंद असेल, तर तो दिव्यासारखा. तो नेला की प्रश्न मिटला. पण पुष्कळ प्रयोगशाळांत तो पाण्यात विरघळवून वापरतात. उदाहरणार्थ, खतातला फॉस्फरस रोपाच्या मुळातून पानापर्यंत कसा पोचतो हे पाहायला शेतीशास्त्रज्ञ किरणोत्सारी फॉस्फरस-३२ वापरत आले आहेत. असा थेंब सांडला, तर तो रंगपंचमीच्या रंगासारखा. तुम्ही कितीही आंघोळ करा, दुसऱ्या दिवशी कानामागे हिरवा रंग निघतोच. फरक एवढाच, की हा रंग दिसत नाही.

म्हणून अशी खोली सहजासहजी सुटत नाही. आपल्या देशात किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर लक्ष ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं. त्याची कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. पदार्थ आणायला परवानगी लागते, तशी तो काढून टाकायलाही लागते.

सुरुवात माझ्या जडवस्तू नोंदवहीसारखीच होते. कोणता पदार्थ, किती, कधी आला, किती वापरला, उरलेला कुठे आहे? एकही ओळ मोकळी सोडून चालत नाही. पदार्थ पुरवठादाराकडे परत पाठवतात किंवा किरणोत्सारी कचऱ्याच्या ठराविक जागी देतात. लवकर संपणारा असेल तर कुलपात ठेवून नुसती वाट पाहतात! फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य साधारण १४ दिवस. दहा वेळा अर्धा झाला की हजारावा भाग उरतो. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना कुलूप लावलं, तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास तो जवळपास संपलेला. मग मोजतात आणि खात्री करून घेतात. उगाच का धावपळ करायची?

त्यानंतर जुन्या लोकांना गाठून विचारतात, "काम कोणत्या टेबलावर व्हायचं? कधी काही सांडलं होतं का?" मला हा भाग फार आवडतो. कारण कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी शिपायाला किंवा जुन्या मदतनिसाला ठाऊक असतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

मग जमिनीवर खडूनं चौकोन आखतात, लंगडीच्या खेळात आखतो तसे. प्रत्येक चौकोनाला नंबर. हातात गायगर काउंटर. किरण आला की हे यंत्र टक् असं वाजतं. ते जमिनीला न टेकवता, अगदी जवळून, मुंगीच्या चालीनं फिरवायचं. भराभर फिरवलं तर टकटक व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता आणि डाग मागेच राहतो! टेबल, मोरी, मोरीचा पाइप, धूर ओढणारा पंखा, एवढ्यावर भागत नाही. खणांच्या कड्या, दिव्याची बटणं, टेलिफोन, दाराची मूठ, सगळं तपासायचं. का बरं? कारण हात तिथेच लागतात.

आणि एवढं करूनही काही पदार्थ गायगरला फसवतात. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात, की ते यंत्राच्या पडद्यातून आत शिरतच नाहीत. यंत्र गप्प, पण डाग हजर! त्यासाठी कागदाच्या गोल चकत्यांनी तळहाताएवढी जागा पुसतात आणि त्या चकत्या दुसऱ्या, जास्त तल्लख यंत्रात मोजतात. जिथे डाग निघेल तिथे धुवायचं, पुन्हा मोजायचं. धुऊन गेला नाही तर टेबलाची फळी कापायची, जमिनीचा गिलावा खरवडायचा. आणि ती फळी, तो गिलावा, पुसायचं फडकं हे सगळं पुन्हा कचऱ्याच्याच हिशेबात धरायचं.

"पण मॅडम, मोजत मोजत शून्य येईपर्यंत थांबायचं का?" चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं. छान प्रश्न होता. उत्तर आहे, नाही. शून्य कधी येतच नाही. जमिनीतून, घराच्या विटांतून, आकाशातून थोडे किरण सगळीकडेच येत असतात. केळ्यातही किंचित किरणोत्सारी पोटॅशियम असतं, आणि तुमच्या-माझ्या शरीरातही. जगातल्या माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढे किरण मिळतात. मिलिसिव्हर्ट हे किरणांचा शरीरावरचा परिणाम मोजायचं माप, दुधाला लिटर तसं. म्हणून जिथे असलं काम कधीच झालं नाही अशी जवळची एखादी खोली आधी मोजतात. मग विचारायचं, जुन्या प्रयोगशाळेमुळे माणसाला त्याच्यावर किती जास्त किरण मिळतील? अमेरिकेत ही जास्तीची मर्यादा वर्षाला पाव मिलिसिव्हर्ट आहे, आणि त्याहूनही जेवढं कमी करता येईल तेवढं करायचं, असाही नियम आहे. मर्यादेच्या आत आलं, तपासणाऱ्यांनी मान्य केलं, कागदावर सही झाली, की खोली निर्बंधमुक्त. तिथे वर्ग भरवा, वाचनालय करा, कुणाला विचारायला नको.

तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह असलेली पाटी अगदी शेवटी काढतात. पण काढतात मात्र नक्की. निर्धोक खोलीवर पाटी तशीच राहिली तर लोकांना तिची सवय होते आणि खऱ्या पाटीकडेही मग कुणी बघत नाही. हे चिन्ह बहुधा पिवळ्या रंगावर काळं किंवा लाल-जांभळं असतं. भंगारात, रस्त्यावर, कुठंही अशी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही. लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी पोलिसांना कळवायचं.

आता पॅरिसला जाऊ या. मेरी क्यूरी यांनी पती पिएर यांच्यासह १८९८ मध्ये रेडियम शोधलं, हे तुम्ही वाचलं असेल. पुढे त्यांच्यासाठी पॅरिसमध्ये रेडियम संस्था उभी राहिली. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी अखेरपर्यंत काम केलं. त्या काळी धोका नीट कळला नव्हता. उघड्या बशीत, साध्या हातांनी रेडियम हाताळलं जायचं. १९३४ मध्ये रक्ताच्या आजारानं बाई गेल्या. आणि रेडियम? त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं! आपल्या अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी कोरली जात असताना कुणी तिथे रेडियम ठेवलं असतं, तर त्यातलं अर्ध्याहून किंचित जास्त आजही शिल्लक असतं. तिथे कुलूप लावून वाट बघणं शक्यच नव्हतं. १९८१ मध्ये, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी, त्यांची रसायनाची प्रयोगशाळा किरणोत्सारी डागांपासून स्वच्छ करण्यात आली. आज तिथे संग्रहालय आहे. शाळेची मुलं रांगेनं येतात आणि बाईंचं टेबल, कपाट, काचेची भांडी बघतात.

त्यांच्या वह्यांचं मात्र तसं झालं नाही. कागद धुता येत नाही आणि खरवडला तर अक्षरं जातात. त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या अस्तराच्या पेट्यांत आहेत. बघायच्या असतील तर आधी जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते.

आणि हो, आमच्या शाळेतली ती बाटली! उकिरड्यावर गेली नाही. तिच्यात किरणोत्सारी काही असण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. असलंच तर जुनं आम्ल असावं. पण फुटून कुणाचे हात भाजले असते ना? मी वाळूनं भरलेल्या बादलीत ती उभी केली, बादली कुलपाच्या खोलीत ठेवली आणि वर नवी चिठ्ठी चिकटवली : "आत काय आहे माहीत नाही. उघडू नये." मग हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना निरोप धाडला आणि नोंदवहीत एक ओळ वाढवली. मामा बघत होते. म्हणाले, "मॅडम, एका बाटलीपायी खोलीचं काम अडकलं की!"

चार दिवस अडकलं होतं खरं.