चौकोन खरे की चित्र खरे?

तुम्ही वाशिमचे असा, कारंज्याचे असा की रिसोडचे, घराच्या माळ्यावर पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही पडून असेल तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद रंगला आहे आणि त्याचा अर्धा उलगडा त्या काचेत आहे.

१९८७ साली जपानच्या स्क्वेअर कंपनीने ‘फायनल फँटसी’ हा खेळ काढला. खेळणाऱ्याने चार वीरांची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचे, शस्त्रे मिळवायची, राक्षसांशी लढायचे. यंत्र होते निन्टेन्डोचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’. त्याचे चित्र आडवे २५६ व उभे २४० बिंदूंचे, म्हणजे एकूण ६१,४४०. आजच्या १९२० × १०८० पडद्यावर याच्या जवळजवळ ३४ पट बिंदू असतात. गुणाकार करून पाहाच. नकाशावर चालणारा वीर तर १६ × १६ चौकोनांत बसवलेला! आजीने दुसुतीवर टाके मोजून भरलेला मोर आठवा. हे काम अगदी तसेच. ८ × ८ चौकोनांच्या एका तुकड्याला रंग तीनच, चौथा पर्याय पारदर्शक. चार पर्यायांसाठी दर चौकोनाला दोन बिट लागतात, म्हणून सारा तुकडा १६ बाइटमध्ये मावतो. एवढ्या चिमूटभर सामग्रीत काझुको शिबुया या चित्रकर्तीने माणसे उभी केली.

२०२१-२२ मध्ये या मालिकेतील पहिले सहा खेळ नव्या पडद्यांसाठी पुन्हा सजवून आले. पात्रे नव्याने रेखाटण्याच्या कामी शिबुयाबाईच होत्या. तरी खेळाडूंत दोन तट पडले. काहींना स्वच्छ चित्र आणि भरदार संगीत आवडले. काही मात्र अक्षरांवरच अडले! चौकोनी चित्राशेजारी ती बारीक, गुळगुळीत अक्षरे परकी दिसतात, ही त्यांची तक्रार. मला ती रास्त वाटते. २०२३ च्या आवृत्तीत जुन्या वळणाची अक्षरे व जुने संगीत निवडण्याची सोय झाली. शत्रूची अवचित गाठ टाळण्याचीही सोय आली. मग ‘लढल्यावाचून वीर कसला?’ म्हणून नवी कुरबुर.

पण ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते? जुन्या संचात चित्रनलिका असते. तिच्यातील इलेक्ट्रॉनांची शलाका काचेच्या आतल्या लेपावर ओळीमागून ओळ फिरते आणि लेप उजळतो. तारेतून येताना शेजारचे रंग थोडे एकमेकांत मिसळतात. कडा मऊ होतात, ओळींमध्ये बारीक काळ्या रेघा राहतात. आजचा सपाट पडदा असे काही करीत नाही. जुना एक बिंदू त्यावर चार-पाच बिंदू रुंद, धारदार चौकोन होऊन बसतो. तेव्हा ‘आम्हाला जुने टोकदार चौकोनच हवेत’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी लहानपणी ते तसे पाहिलेच नसणार!

करून पाहा. मोबाइलवर पांढरे चित्र ठेवून टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब काचेवर टेकवा. थेंब भिंगाचे काम करील आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. थेंब लगेच पुसा. माळ्यावरचा संच चालत असेल तर त्याच्या काचेवरही साधे भिंग धरून पाहा. मात्र त्याचे मागचे झाकण उघडू नका; संच बंद केल्यावरही आत धोकादायक विद्युतदाब शिल्लक असू शकतो.