मनगटी घड्याळ : लेखांक सातवा – सेकंदकाट्याची जागा

गेल्या लेखांकात तासकाटा आणि मिनिटकाटा यांचा विचार झाला. राहिला तो तिसरा, सर्वांत कृश व सर्वांत चंचल असा सेकंदकाटा, ज्याला तबकडीवर जागा कोठे मुक्रर करावी हा प्रश्न वरवर केवळ शोभेचा वाटला तरी त्याचे मूळ यंत्राच्या अंतरंगात आहे. किल्लीच्या घड्याळातील चौथे चक्र साधारणपणे मिनिटाला एक फेरा पुरा करते. त्याचाच आस तबकडीबाहेर काढून त्यावर इवलासा काटा बसविला की सहाच्या आकड्यापाशी स्वतंत्र छोटी तबकडी सिद्ध होते. ही जुनी मांडणी मला अद्यापि सर्वांत देखणी वाटते, कारण तीत मोठी तबकडी मोकळी राहते. काटा मध्यभागी आणावयाचा तर चक्रांची रचना बदलावी लागते किंवा जादा चक्र घालावे लागते. एवढी यातायात कशासाठी, याचा उलगडा जबलपूरच्या ग्वारीघाटावर उत्तम होतो.

संध्याकाळच्या आरतीच्या वेळी भाविक द्रोणांतले दिवे नर्मदेत सोडतात. बांधून ठेवलेल्या दोन नावांमधील १० मीटरांचे अंतर एखाद्या दिव्याने २० सेकंदांत तोडले असे समजा. पृष्ठभागावरील वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला, आणि त्याला सुमारे ०.८५ ने गुणले की प्रवाहाच्या सरासरी वेगाचा अदमास हाती येतो. परंतु वाचनात दोन सेकंदांची चूक झाली, की उत्तर दहा टक्क्यांच्या आसपास ढळते. मध्यवर्ती काटा १४ मिलिमीटर लांब असेल तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे दीड मिलिमीटर सरकते. छोट्या तबकडीतील ३ मिलिमीटरांच्या काट्याचे टोक जेमतेम ०.३ मिलिमीटर, आणि मावळत्या उजेडात ते टिपणे तीक्ष्ण नजरेलाही दुष्कर. नाडी मोजणाऱ्या परिचारिकेची अडचण हीच. १५ सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाच्या हिशेबात चार चुकतात.

बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचे घड्याळनिर्मितीचे काम सुरू झाले, आणि पुढे घरोघर पोचलेल्या तिच्या ‘जनता’ घड्याळाचा सेकंदकाटा मध्यवर्ती होता, हे मला फार समंजसपणाचे वाटते. त्याच्या यंत्राची आंदोलने तासाला १८,०००, म्हणून काटा सेकंदात पाच बारीक पावले टाकतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपने सेकंदाला ३२,७६८ असूनही बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत काटा सेकंदाला एकच उडी घेतो. यंत्र अधिक बिनचूक, पण काट्याची चाल अधिक ठोकळ.

ग्वारीघाट स्थानकावर २०१५ पर्यंत अडीच फुटी रुळांवरून येणारी छोटी गाडी गाठणाऱ्या उतारूला मात्र वेळापत्रकातील मिनिटांपलीकडे काही नको असे, आणि त्याला सेकंदकाट्यावाचूनचे घड्याळही चालून जाई. तबकडी त्याने निःसंशय शांत, भारदस्त दिसते. तथापि घड्याळ बंद पडल्याची वर्दी सर्वांत आधी सेकंदकाटाच देतो, म्हणून रोजच्या वापरासाठी, दिसायला थोडी गजबज झाली तरी, मध्यवर्ती काटाच घ्यावा असे माझे मत आहे. किल्ली बाहेर ओढताच तो काटा जागीच थांबविणाऱ्या योजनेचा तपशील पुढील लेखांकात.