मानदुखी व मर्दनोपचार

मानेचे स्नायू, सांधे किंवा तेथून निघणाऱ्या तंत्रिका (मज्जा) यांत उद्‌भवणाऱ्या वेदनेस मानदुखी म्हणतात. हे रोगाचे नसून लक्षणाचे नाव आहे. २०२० मध्ये जगात सु. २० कोटी लोकांना ही व्यथा होती, असा अंदाज आहे. बैठ्या कामाचा व शहरी राहणीचा विकार अशी तिची ख्याती आहे. तथापि पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील श्रमांचे स्वरूप पाहता ही समजूत अपुरी ठरते.

मानेत सात कशेरुक (मणके) असून त्यांतून मेरुरज्जू जातो व तंत्रिकांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन सु. ४ ते ५ किग्रॅ. असते. मान सरळ असताना ते कण्यावर तोलले जाते. ती पुढे झुकली की तोल राखण्याचे काम मागील स्नायूंवर पडते. फार वेळ ताणलेला स्नायू थकतो, घट्ट होतो व दाबल्यास दुखतो. वाढत्या वयात कशेरुकांमधील चकत्या झिजतात व हाडांना कंगोरे फुटतात; त्यांचा तंत्रिकेवर दाब आल्यास कळ खांद्यापासून बोटांपर्यंत उतरते. मात्र क्ष-किरण चित्रात झीज दिसूनही वेदना मुळीच नसणारे लोक पुष्कळ असतात.

या दोन तालुक्यांच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात पाऊस भरपूर पडतो, पण उन्हाळ्यात झरे व विहिरी आटतात आणि पाणी लांबून आणावे लागते. १५ लिटरचा हंडा भरला की पाण्याचेच वजन १५ किग्रॅ. होते, म्हणजे डोक्याच्या तिपटीहून अधिक. जळणाची मोळी व वीटभट्टीवरील विटा यांचा भारही डोक्यावरच येतो. चुंबळीमुळे हा भार स्थिर राहतो व सपाट वाटेवर सरळ कण्यावर पेलला जातो; इजा बहुधा हंडा एकटीने उचलताना, उतरवताना किंवा उतारावर पाय घसरताना होते. आफ्रिकेत डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रियांच्या पाहण्यांतही मानदुखीची तक्रार आढळली आहे. बागांत लांब काठीने चिकू उतरवणाऱ्यांची मान तासन्‌तास मागे कललेली असते. उलट, किनारपट्टीवर दागिन्यांचे ठसे (डाय) कोरणारे कारागीर ती सतत खाली वाकवून बसतात. वारली चित्रकला १९७०च्या दशकात भिंतीवरून कागदावर व कापडावर आली, तेव्हा चित्रकारांच्याही वाट्याला हीच बैठक आली.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत : भार दोघींनी मिळून उचलणे, एका मोठ्या हंड्याऐवजी लहान भांडी वापरणे, कोरण्याचे किंवा चित्राचे काम डोळ्यांच्या पातळीकडे उचलून घेणे, अर्ध्या तासाने मान हलविणे. घराजवळ नळ येणे हा यांतील सर्वांत परिणामकारक उपाय होय. तो वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आयुर्वेदात मान आखडण्यास मन्यास्तंभ ही संज्ञा असून तेलाने अंग चोळण्यास अभ्यंग म्हणतात. मर्दनाने स्नायू सैल होतात व वेदना तात्पुरती कमी होते. टिकाऊ गुण मानेच्या व खांद्यांच्या नियमित व्यायामाने येतो. रुग्णाने बसून कपाळ घडी घातलेल्या हातांवर टेकावे. प्रथम कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने शेकावे. नंतर तिळाचे, खोबरेल किंवा मोहाच्या बियांचे तेल लावून कवटीच्या तळापासून खांद्यापर्यंत तळहाताने संथ चोळावे. कण्याच्या दोन्ही बाजूंस अंगठ्यांनी वर्तुळाकार दाब द्यावा व खांद्यावरील स्नायू चिमटीत धरून मळावा. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. तेल कोणते यापेक्षा हात कसा चालतो याला अधिक महत्त्व आहे. कण्याच्या हाडांवर दाब देऊ नये. मानेची पुढील बाजू वर्ज्य समजावी, कारण तेथील रोहिणी दाबली गेल्यास घेरी येऊ शकते. केशकर्तनालयात मानेला हिसडा देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याची प्रथा तर घातक आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या कशेरुकांच्या छिद्रांतून जातात. हिसड्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

काही प्रसंगी मर्दन मुळीच करू नये. तापाबरोबर मान ताठरणे हे मस्तिष्कावरणशोथाचे, तर जबडा व मान एकदम आखडणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. हळूहळू वाढणारी, रात्री छळणारी वेदना व त्याबरोबर वजन घटणे यांत मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. हातापायांतील शक्ती कमी होणे मेरुरज्जूवरील दाब सुचवते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे जड झाल्या व मान सावरेनाशी झाली, तर दंशाची खूण नसली तरी मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. अशा रुग्णास डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात अथवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात विनाविलंब न्यावे. ताडाच्या किंवा चिकूच्या झाडावरून पडलेल्याची मान चोळू अथवा वळवू नये. डोके दोन्ही बाजूंनी स्थिर धरून त्यास फळीवर उताणे निजवून हलवावे.